‘स्टेअरिंग मी घेतलं होतं, मग रेस कुणी दिली?’ : एका एअरपोर्ट ड्युटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातली एक मध्यम आकाराची टूर्स अँड ट्रॅव्हल्स कंपनी. अठरा गाड्या, त्यातल्या पाच नव्या एसयूव्ही अ‍ॅडासवाल्या, म्हणजे ड्रायव्हरला चालवताना मदत करणारी यंत्रणा असलेल्या. तीन एका कंपनीच्या, दोन दुसऱ्या. काम बहुतेक आयटी कंपन्यांच्या पिकअप-ड्रॉपचं आणि मुंबई विमानतळाच्या ड्युट्यांचं. मालकीण स्वतः रोज ऑफिसात बसतात, ड्रायव्हर त्यांना ताई म्हणतात. मी गेली काही वर्षं अशा कंपन्यांच्या ड्रायव्हरांना ट्रेनिंग देतो. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते अपघातानंतर. अपघात तसा किरकोळ, पण त्यात अडकलेला प्रश्न किरकोळ नव्हता. माणसांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अ‍ॅडास हे एकच यंत्र आहे असं ड्रायव्हरला वाटतं, कारण डिलिव्हरीच्या दिवशी शोरूमवाला ते एकाच दमात सांगतो. प्रत्यक्षात त्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या जातीच्या सोयी असतात. एक जात गप्प बसून राहते आणि वेळ आली तरच मध्ये पडते: समोर धडक दिसली की आपोआप लागणारा ब्रेक, आरशात न दिसणाऱ्या गाडीचा इशारा. दुसरी जात सतत गाडी चालवत असते: पुढच्या गाडीशी अंतर राखणारा क्रूझ आणि पट्ट्यांच्या मध्ये गाडी ठेवणारं लेन असिस्ट. दुसऱ्या जातीतल्या या दोन्ही सोयी एकदम चालू असल्या की गाडी ‘लेव्हल टू’ झाली म्हणतात. शून्य ते पाच अशी ही मोजणी आहे आणि दोन नंबरला जबाबदारी पूर्णपणे ड्रायव्हरची असते. गाडी चालवते ती, पकडले जाता तुम्ही.

ताईंनी वरच्या व्हेरियंटला जास्तीचे पैसे मोजले होते. त्यामुळे त्यांनी नियम काढला, हायवेवर अ‍ॅडास चालू पाहिजे. गाडीतल्या ट्रॅकरवर बंद दिसलं तर त्या ट्रिपला दोनशे रुपये कट. नियमामागचा हेतू चांगलाच होता. परिणाम मात्र दोन झाले आणि ताईंना ते दोन्ही माहीत नव्हते.

पहिला परिणाम म्हणजे बाटली. पंचविशीतला एक ड्रायव्हर, त्याला बंटी म्हणू, अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली रुमालानं स्टेअरिंगच्या उजव्या दांडीला बांधायचा. या गाड्यांमध्ये हात स्टेअरिंगवर आहेत की नाहीत ते स्टेअरिंगवर पडणाऱ्या थोड्याशा जोरावरून ओळखतात. एका बाजूला लटकलेली बाटली तेवढा जोर देते. गाडीला वाटतं, माणूस आहे. बंटीचा युक्तिवाद असा की चालूच ठेवायचं असेल तर मग हात तरी मोकळे राहू देत.

दुसरा परिणाम दत्ताकाका. वय ५३, आधी ट्रक, मग टॅक्सी, मग ही नोकरी. अंगावर एक ओरखडा नाही. काका गाडी सुरू केली की पुणं सोडेपर्यंत सगळं बंद ठेवायचे आणि तळेगावच्या टोलनंतर, दंड नको म्हणून, क्रूझ आणि लेन दोन्ही लावायचे. शहरात बंद का, तर त्यांचं उत्तर मी वहीत तसंच लिहून घेतलं: “रिक्षा मध्ये घुसली की गाडी घाबरते, सर. मी नाही घाबरत. मागचा बाइकवाला मात्र माझ्या डिकीत येतो.”

यात चुकीचं काही नाही. चांदणी चौकात पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं अंतर ठेवायला गेलात तर त्या अंतरात एक रिक्षा, दोन स्कूटर आणि एखादा टेम्पो राहायला येतो. आल्यावर क्रूझ पुन्हा ब्रेक लावून नवं अंतर तयार करतं आणि त्यात पुन्हा कुणी तरी येतं. इंडिकेटर न देता खड्डा चुकवायला गेलात की लेन असिस्ट स्टेअरिंग परत खड्ड्याकडे ओढतं. रस्त्याचं काम झालेल्या ठिकाणी जुना पट्टा खरवडलेला असतो, तो पावसात नव्या पट्ट्यापेक्षा जास्त चमकतो आणि कॅमेरा त्याच्यामागे जातो. अशा वेळी ड्रायव्हर ते यंत्र बंद करतो ते आळसानं नव्हे. त्याच्याकडे माहिती जास्त असते.

घटना

पहाटेची ड्युटी. कोथरूडहून नवरा-बायको आणि नवऱ्याची आई, सकाळी विमान. काका साडेतीनला निघाले. मुंबई-पुणे एक्सप्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, सपाटीला गाड्यांना ताशी १०० ची मर्यादा. घाटात काकांनी सगळं काढून टाकलं होतं. घाट उतरून सपाटीला लागल्यावर त्यांनी क्रूझ १०० वर लावलं, लेन असिस्टही लावलं. पुढे डाव्या लेनमध्ये एक कंटेनर होता, साधारण ५५-६० नं चाललेला. गाडी त्याच्यामागे अंतर राखून शांतपणे चालली होती. मागून आवाज आला, “काका, चहाला थांबू या का? आईंना जरा...”

फूड मॉलचा फाटा समोरच होता. काकांनी डावा इंडिकेटर दिला आणि स्टेअरिंग डावीकडे घेतलं. हाताला थोडा विरोध जाणवला, मग तो सुटला. स्क्रीनवरचं स्टेअरिंगचं हिरवं चिन्ह करडं झालं, एक टुंग आवाज आला. काकांच्या लेखी व्यवहार तिथं संपला. गाडी परत त्यांच्या ताब्यात आली होती. उजवा पाय फ्लोअरमॅटवर होता, तो तिथंच राहिला. रेसवर पाय नाही म्हणजे गाडी आपसूक मंदावेल, ही सवय तीस वर्षांची.

गाडी मंदावली नाही. कंटेनर सरळ गेला, पुढचा रस्ता रडारला मोकळा दिसला आणि क्रूझनं १०० कडे धाव घेतली. ट्रॅकरच्या नोंदीत फाट्याच्या तोंडाशी ५६ आहे आणि त्याच्या पुढची नोंद ७१ ची. फाट्याच्या वळणावर एक लक्झरी बस उभी होती, प्रवासी उतरत होते. काकांनी ब्रेकवर पाय मारला तो पूर्ण. गाडी बसच्या मागे हातभर अंतरावर थांबली. समोरच्या सीटांवर काही झालं नाही. मागे बसलेल्या आजींनी बेल्ट लावला नव्हता. त्यांचं कपाळ पुढच्या सीटच्या हेडरेस्टवर आपटलं. पनवेलमध्ये दोन टाके पडले, विमान चुकलं.

दुसऱ्या दिवशी ग्राहकाची तक्रार: ड्रायव्हरला डुलकी लागली. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: गाडीत दोष नाही. काकांचं म्हणणं एकच वाक्य, ते त्यांनी ताईंना, सर्व्हिस सेंटरला आणि नंतर मला जसंच्या तसं सांगितलं: “स्टेअरिंग मी घेतलं होतं, मग रेस कुणी दिली?”

अडचण नेमकी काय होती

तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं, आणि म्हणून हे प्रकरण मला लिहून ठेवावंसं वाटलं.

आपण ‘सिस्टीम काढली’ म्हणतो तेव्हा डोक्यात एकच क्लच असतो. दाबला की इंजिन सुटलं. या गाड्यांत तीन वेगवेगळी दारं आहेत आणि प्रत्येक दारानं वेगळी गोष्ट बाहेर पडते.

स्टेअरिंगवर जोर दिला की लेन असिस्ट मागे सरतं. किती जोर, यालाही मर्यादा घालून दिली आहे: संयुक्त राष्ट्रांच्या ज्या ७९ क्रमांकाच्या नियमावर युरोपातल्या गाड्या पास होतात, त्यात यंत्राला हरवायला ५० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागता कामा नये असं आहे. म्हणजे पाच किलो तांदळाची पिशवी उचलण्याइतका. तेवढा काकांनी दिला. लेन असिस्ट सुटलं. क्रूझला त्याचा पत्ताही नव्हता. त्या गाडीत ते दोन वेगळे नोकर आहेत, एकाला घरी पाठवलं म्हणून दुसरा जात नाही.

ब्रेक दाबला की क्रूझ सुटतो. हे बहुतेक सगळ्या गाड्यांत सारखं. पण काही गाड्यांत ब्रेकनंतरही लेन असिस्ट चालूच राहतं, स्टेअरिंग पट्ट्यांच्या मध्ये धरून ठेवतं.

आणि रेस. याबद्दल ड्रायव्हर सर्वांत कमी जाणतात. क्रूझ चालू असताना रेस दाबली तर क्रूझ बंद होत नाही, फक्त बाजूला उभा राहतो. पाय काढला की परत येतो आणि लावलेल्या वेगाकडे जातो. पाय रेसवर असेपर्यंत मात्र पुढची गाडी जवळ आली तरी क्रूझ स्वतःहून ब्रेक लावत नाही, कारण त्याच्या हिशेबानं माणूस मुद्दाम पुढे जातोय. पाय सवयीनं रेसवर टेकवून बसणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. त्यांना वाटतं क्रूझ सांभाळतोय. क्रूझला वाटतं ते सांभाळताहेत.

यात बसची भर पडली. पुढे चालणारी गाडी रडारला चटकन समजते, कारण ती रस्त्याच्या तुलनेत हलते. उभी असलेली बस, पुलाचा कठडा, दिशादर्शक फलक ही सगळी रडारच्या दृष्टीनं स्थिर वस्तूंची एकच गर्दी. प्रत्येक फलकाला ब्रेक लागू नये म्हणून क्रूझ अशा स्थिर गोष्टींकडे बरंच दुर्लक्ष करतं, वळणावर तर जास्तच. नव्या गाड्यांत कॅमेरा मदतीला असतो, तरी मॅन्युअलमध्ये इशारा असतोच. या गाडीच्याही होता. मी पान उघडून ताईंसमोर ठेवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “साडेचारशे पानं आहेत. कोण वाचतं?”

रस्ता रिकामा दिसला की क्रूझनं वेग घेणं ही काही पुण्याची खासियत नाही. २३ मार्च २०१८ ला अमेरिकेत माउंटन व्ह्यू इथं एक इलेक्ट्रिक गाडी दोन रस्ते फुटतात तिथल्या मधल्या त्रिकोणी पट्ट्यात शिरून कठड्यावर आदळली, चालक गेला. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं की लावलेला वेग ताशी ७५ मैल होता, पुढची गाडी समोरून हटल्यावर वेग ६२ वरून ७१ च्या आसपास चढला आणि शेवटच्या सहा सेकंदांत स्टेअरिंगवर हात असल्याची नोंद नव्हती. तिथं माणसानं काहीच काढून घेतलं नव्हतं, इथं अर्धं घेतलं होतं. पण वेग वाढवणारा नोकर तोच. त्या तपासातली आणखी एक गोष्ट मला पुढे आठवणार होती: गाडी त्याच जागी कठड्याकडे ओढते, हे त्या चालकाच्या आधीच लक्षात आलं होतं आणि त्यानं ते घरी बोलून दाखवलं होतं.

पर्याय

ताईंच्या टेबलाभोवती आम्ही चौघं बसलो. ताई, त्यांचा ऑपरेशन्स सांभाळणारा भाचा, काका आणि मी. काकांना बसवायला भाच्याचा विरोध होता. चौकशी ज्याची, तोच कसा बसणार? मी म्हटलं, मग मी घरी जातो. काका बसले.

सगळं कायमचं बंद करायचं, हा ताईंचा पहिला कल. अपघातानंतर तो स्वाभाविक असतो. पण त्या गाड्यांत आपोआप ब्रेकची सोय दर वेळी इग्निशन दिली की परत चालू होते, म्हणजे ड्रायव्हरनं रोज पहाटे स्क्रीनवर मेनूच्या तीन पायऱ्या उतरायच्या. शिवाय बंद करायचं म्हणजे गप्प बसणारी जातही बंद होते. रात्री समृद्धीवर नागपूरहून रिकामी गाडी आणणाऱ्या ड्रायव्हरला त्या जातीची गरज कधी पडेल, सांगता येत नाही. सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, मधेच बंद पडलेला ट्रक.

दंड दुप्पट करायचा आणि चालू ठेवायला लावायचं, हे भाच्याचं म्हणणं. मी खिशातून मोबाइल काढून बाटलीचा फोटो दाखवला. ताई बराच वेळ फोटो मोठा करून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हा रुमाल आपल्याच दिवाळी गिफ्टमधला आहे.”

ज्याला जसं वाटेल तसं, हा पर्याय कुणी मांडलाच नाही. दंड सोडला तर आधी तेच चाललं होतं.

उरला तो चौथा, आणि त्यात खरा वाद झाला. गप्प बसणारी जात कायम चालू. गाडी चालवणारी जात फक्त मोकळ्या हायवेवर, ड्रायव्हरच्या मर्जीनं, दंड नाही. आणि फाटा, टोल, घाट, रस्त्याचं काम, यांच्या आधी ती काढायची. इथपर्यंत एकमत. कशानं काढायची, यावर फाटलं.

माझं मत होतं, स्टेअरिंगवरच्या बटणानं. तिथं क्रूझ रद्द करण्याचं बटण असतं, अंगठ्यानं दाबलं की झालं. ब्रेकलाइट लागत नाही, प्रवाशाला झटका नाही. मी हे गेली कित्येक वर्षं असंच शिकवत आलो होतो. काका म्हणाले, “बटण विसरायला होतं सर. पाय नाही विसरत.”

मला ते म्हाताऱ्या ड्रायव्हरचं बोलणं वाटलं. तेव्हा तसं मी बोललो नाही, पण वाटलं.

काय केलं

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोन्ही कंपन्यांची एकेक गाडी घेऊन चाकणच्या एमआयडीसीतल्या एका रिकाम्या अंतर्गत रस्त्यावर गेलो. पाच ड्रायव्हर, काका, मी. क्रूझ ४० वर लावायचं, मी ओरडलो की काढायचं. लेन असिस्टची तपासणी वेगळ्या दिवशी एक्सप्रेस वेवर, कारण ते पट्टे आणि वेग दोन्ही असल्याशिवाय उठतच नाही.

पहिल्या गाडीवर सगळ्यांचे अंगठे बटणावर व्यवस्थित गेले. मी खूश. मग तेच ड्रायव्हर दुसऱ्या गाडीत बसवले. पहिल्या गाडीत जिथं रद्द करण्याचं बटण आहे, बरोबर तिथं दुसऱ्या गाडीत मागचा वेग परत घेण्याचं बटण आहे. मी ओरडलो, “काढ!” बंटीचा अंगठा सवयीनं गेला आणि गाडीनं वेग घेतला. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं तेच त्या पहाटे काकांच्या चेहऱ्यावर उमटलं असणार. त्यानं ब्रेक मारला, अर्थात. पायानं.

काका मागच्या सीटवर होते. काही बोलले नाहीत. खिशातून तंबाखूची डबी काढली, माझ्याकडे बघून परत ठेवली.

तर नियम काकांचा झाला. आधी ब्रेकला हलका टेका, मग इंडिकेटर, मग स्टेअरिंग. कंपनी कुठलीही असो, ब्रेक एकाच जागी असतो आणि क्रूझ सोडवतोच. ब्रेकलाइट लागते ही माझी तक्रार मी मागे घेतली. फाट्याला वळण्याआधी मागच्याला लाल दिवा दिसला तर बिघडलं काय?

मग प्रत्येक गाडीसाठी एक छोटा कागद केला, लॅमिनेट करून सनवायझरच्या मागे. त्यावर तीनच ओळी: स्टेअरिंग घेतलं तर काय सुटतं, ब्रेक मारला तर काय सुटतं, रेस दिली तर काय होतं. ही उत्तरं मॅन्युअलमधून उतरवली नाहीत. ड्रायव्हरांनी स्वतः करून बघितली आणि मग लिहिली. दुसऱ्या कंपनीच्या गाडीत ब्रेकनंतरही लेन असिस्ट राहतं, हे तेव्हा कळलं. एका ड्रायव्हरला सहा महिने वाटत होतं की त्या गाडीची व्हील अलाइनमेंट बिघडली आहे. दोनदा करूनही आणली होती.

बाटलीबद्दल मी बंटीला भाषण दिलं नाही. त्याला ७९ नंबरच्या नियमातला हिशेब सांगितला: हात काढल्यावर फार तर पंधरा सेकंदांत गाडीनं चित्र दाखवायचं, तिसाव्या सेकंदाच्या आत आवाज, तरी हात नाही आले तर यंत्रानं स्वतः सोडून द्यायचं. आणि विचारलं, तू झोपलास तर बाटली काय करेल? तो म्हणाला, “बाटली जागीच राहील.” पुढचं त्याचं त्यानं जोडलं.

चौथं काम खरं म्हणजे पहिलं असायला हवं होतं. गाडी सुरू करण्याआधी मागे वळून बघायचं आणि बेल्ट लावून घ्यायचे. मागच्या सीटचा बेल्ट कायद्यानं सक्तीचा आहे, पण वयस्कर प्रवाशाला ‘बेल्ट लावा’ म्हणणं ड्रायव्हरला उद्धट वाटतं. काकांनी त्यावर एक वाक्य शोधलं, आता सगळे तेच वापरतात: “आजी, तेवढा पट्टा लावता का, नाही तर गाडी आवाज करत बसते.” गाडीवर ढकललं की कुणाला वाईट वाटत नाही.

काय झालं

ग्राहकाला कंपनीनं विमानाचे आणि दवाखान्याचे पैसे दिले. काका स्वतः आजींना भेटून आले. तक्रार मागे घेतली गेली, पण तो ग्राहक परत आला नाही.

दीड महिन्यानं भाचा ट्रॅकरचा रिपोर्ट घेऊन आला, कपाळाला आठ्या. यंत्र मधेच काढून घेतल्याच्या नोंदी आधीपेक्षा कितीतरी वाढल्या होत्या. त्याच्या मते ट्रेनिंग फसलं होतं. मी त्याला त्या नोंदी नकाशावर मांडायला सांगितल्या. त्या फाट्यांवर, टोलवर आणि घाटाच्या दोन्ही तोंडांना गोळा झालेल्या होत्या. आधीच्या नोंदी थोड्या होत्या, पण जोरदार ब्रेकच्या खुणांना चिकटलेल्या. ड्रायव्हर यंत्र किती वेळा काढतो ह्या आकड्याला एकट्यानं काही अर्थ नसतो. कुठे काढतो आणि निवांत काढतो की दचकून, ते बघावं लागतं. भाच्याला पटलं की नाही माहीत नाही. रिपोर्टमध्ये त्यानं नकाशा मात्र कायम ठेवला.

सगळं काही जुळून आलं नाही. बंटीनं दोन महिन्यांनी नोकरी सोडली, दुसऱ्या ट्रॅव्हल्सकडे गेला. बाटली घेऊन गेला की ठेवून, कळायला मार्ग नाही. काका क्रूझ वापरतात, लेन असिस्ट अजून लावत नाहीत. “दोन माणसांनी एक स्टेअरिंग धरायचं नसतं,” म्हणतात. मी आग्रह धरला नाही. दंड रद्द झाला होता आणि ती त्यांची मर्जी.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी गोष्ट मला तिसऱ्या महिन्यात कळली, आणि तीही सहज. काकांबरोबर मुंबईहून रिकामी गाडी परत आणत होतो. फूड मॉलचा फाटा आला, त्यांनी ब्रेकला पाय लावला, इंडिकेटर दिला आणि सहज बोलले, “आधी दोनदा झालं होतं हो असं. एकदा इथंच. तेव्हा बस नव्हती.”

दोनदा. गाडीनं फाट्यावर रेस घेतल्याचं त्यांना आधी दोनदा जाणवलं होतं. सांगितलं का नाही? “सांगितलं असतं तर ताई म्हणाल्या असत्या, तुम्ही नीट लावत नाही. दोनशे गेले असते.” मला माउंटन व्ह्यूचा तो चालक आठवला. त्यानं निदान घरी तरी सांगितलं होतं.

म्हणजे दंडाचा नियम काढला त्या दिवशीच ही बातमी कंपनीच्या ऑफिसात पोचण्याचा रस्ता बंद झाला होता. आज कुणी मला अशा कंपनीत बोलावलं तर मी अ‍ॅडासबद्दल बोलायच्या आधी विचारेन की गाडीनं तुम्हाला कधी दचकवलं का, आणि ते सांगितल्यावर कुणाचे पैसे कापले जातात.

माझ्याकडूनही चुकलं. बटणाचा आग्रह मी धरला तो एकाच कंपनीच्या गाडीवर शिकवून बनलेला होता. ट्रेनर म्हणून शेजारच्या सीटवर बसून मी नेहमी ड्रायव्हरचे हात आणि डोळे पाहत आलो. पाय कुठं आहे हे बघायचं मला सुचलंच नाही, आणि हे सगळं प्रकरण तर फ्लोअरमॅटवर टेकलेल्या एका पायाचं होतं. आता मी पायांकडे मोबाइल लावून ठेवतो.

आणि डिलिव्हरीचा दिवस. त्या दिवशी हार, पेढे, किल्लीसोबत फोटो आणि सनरूफचं प्रात्यक्षिक होतं. यंत्र काढायचं कसं, हे पाचही गाड्यांच्या वेळी कुणी दाखवलं नव्हतं. लावायचं कसं, ते मात्र सगळ्यांना.

गेल्या महिन्यात कंपनीनं सहावी गाडी घेतली, तिसऱ्याच कंपनीची. ताईंनी डिलिव्हरीला काकांना पाठवलं, मीही गेलो. टाय लावलेला मुलगा स्क्रीनवर बोट फिरवत आवाजानं उघडणारी काच दाखवत होता. काकांनी त्याचं पूर्ण होऊ दिलं. मग ड्रायव्हर सीटवर बसले, आरसे लावले आणि म्हणाले, “बाळा, स्टेअरिंग ओढलं तर काय सुटतं, आणि ब्रेक मारला तर काय काय सुटतं, तेवढं सांग.”

मुलानं स्क्रीनकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि “एक मिनिट हं काका,” म्हणून आत कुणाला तरी विचारायला गेला. काकांनी सनवायझर खाली केला. त्याच्या मागे कागद लावायला जागा आहे का, ते बोटांनी चाचपून बघत बसले.